पोळ्याच्या आदल्या दिवशीचा किल्ला

पायलने चपला एका हातात घेतल्या, साडी पोटरीवर खोचली आणि गढूळ पाण्यात पाय टाकला. पुढे सागर बांबूच्या काठीने तळ चाचपत चालला होता. दोन्ही नद्या फुगल्या होत्या आणि बाळापूरचा किल्ला मधोमध बेटासारखा उभा होता. आत जायला गुडघाभर पाण्याची एवढीच एक वाट उरली होती.

"खरंच कोनी नसंन?" तिने विचारलं.

"उद्या पोळा हाये. आज सारे आपापल्या बैलांजवळ. किल्ल्यावर कोन मरायले येते?"

पायल अकोल्याच्या जठारपेठेतली. बाळापुरात नांदायला येऊन चार महिने झाले होते, पण किल्ला तिने पाहिला होता तो लोकांच्या मोबाइलमध्ये. रविवारी तिथे जत्रा. फोनसमोर नाचणारी पोरं, पोरींवर शेरे, सेल्फीसाठी बुरुजावर रेटारेटी. नव्या सुनेने त्या गर्दीत पाऊल टाकायचं नाही, असा सासूबाईंचा हुकूम होता. मग सागरनेच हा दिवस शोधून काढला आणि स्वतःच्या हुशारीवर तो चार दिवस खूश होता. सासूबाईंनी सोडलं, पण दिवेलागणीच्या आत परतायचं होतं. त्या संध्याकाळच्या खांदशेकणीला बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी सुनेच्या हातून लागणार होतं. मग त्यांच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पायलने ते दोनदा घोकून ठेवलं होतं. शहरातली पोरगी, चुकली असती तर वर्षभर ऐकावं लागलं असतं.

एकात एक दडलेले दरवाजे ओलांडून ती दोघं बुरुजावर पोचली. वारा होता, पाणी होतं आणि खरोखरच माणूस नव्हतं. पायलला इतकं मोकळं वाटलं की ती उगाच मोठ्याने हसली. सागरने काठी भिंतीला टेकवली आणि फोटोसाठी ऐटीत उभा राहिला. फोन डोळ्यांसमोर धरताना तिला खाली नदीकाठी कोणीतरी दिसलं.

"तिथं एक बाबा हायेत."

धोतर नेसलेला म्हातारा पाण्याजवळच्या दगडापाशी उकिडवा बसला होता. समोर पितळी वाटी. त्यातलं पिवळं काहीतरी बोटांवर घेऊन तो दगडाला चोळत होता, अगदी सावकाश, अंग चोळावं तसं.

सागरने वाकून पाहिलं आणि झटक्यात मागे सरला. "चाल. निघू."

"आत्ताच तं आलो."

"चाल म्हनलं ना!"

त्या ओरडण्यानेच म्हाताऱ्याने वर पाहिलं.

ते खुशालराव होते. सागरच्या शेताला त्यांचं शेत लागून, मधे फक्त बांधाचा धुरा. सासरी त्यांचं नाव निघालं की जेवणं थांबायची. त्यांचा बैल धुरा ओलांडून आपल्या सोयाबीनमध्ये शिरायचा, म्हणून बोलणं बंद, एवढंच पायलला सांगितलं होतं. गेल्या पोळ्याआधी त्या बैलाचं काहीतरी झालं, असं शेजारच्या इंदूबाई कुजबुजल्या होत्या. तिने विचारलं तेव्हा सागर म्हणाला होता, बिमारीने मेला. आज गावातला एकूण एक शेतकरी आपल्या गोठ्यात असणार, हा सागरचा हिशेब चोख होता. फक्त ज्याचा गोठा रिकामा, तो आज कुठे जाईल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

जिन्याच्या तोंडाशीच खुशालराव समोर आले. डाव्या हातात वाटी, उजव्या हातात पाण्यातून आलेली ओली काठी. धाप लागलेली.

"बायकोले किल्ला दाखवून राहिला?"

"बाजूले व्हा, काका. मले भांडन नाई पाह्यजे."

"मले बी नाई पाह्यजे. दरसाल आजच्या रोजी माया पाखऱ्या बैलाले खालच्या त्या दगडापाशीच धुत होतो मी. तू कावून आला इथं? आजच्या रोजी?"

"बैल बिमारीनं मेला," सागर म्हणाला. पण हे त्याने खुशालरावांना नाही, पायलकडे बघून सांगितलं.

खुशालरावांनी ते पाहिलं. वाटी त्यांनी पायरीवर जपून ठेवली, लवंडणार नाही अशी. मग काठी दोन्ही हातांनी उचलली आणि सागरच्या नडगीवर घातली.

तो आवाज पायलच्या दातांत शिरला. सागर कोसळला. दुसरा फटका बरगडीवर बसला, तिसरा त्याने हात आडवा घालून झेलला. म्हातारा मारत होता आणि रडत होता.

"मागचा पाय तोडला त्याचा! कुऱ्हाडीनं! दोन रोज उठाले पाहे तो! दोन रोज!"

"वाचवा!" पायल किंचाळली. तिचाच आवाज तटावरून फिरून तिच्याकडे आला. रविवार असता तर शंभर माणसं धावली असती. तिने खुशालरावांचा दंड धरला, त्यांनी झटकला. ती भिंतीवर आदळली, बांगड्या फुटल्या आणि मनगटातून रक्त ठिबकू लागलं.

तेवढ्यात सागरने काठी पकडली. सव्वीस वर्षांचा गडी तो. एका हिसक्यात त्याने म्हाताऱ्याला खाली ओढलं आणि तोंडावर ठोसा मारला. पुन्हा मारला. दाढीच्या पांढऱ्या खुंटांवरून रक्त ओघळलं, एक दात फरशीवर पडला. मग लंगडत लंगडत त्याने त्यांना कठडा ढासळला होता तिथे नेलं, गळा धरून पाण्याकडे वाकवलं. खुशालरावांची टाच जमिनीवरून सुटली.

"जा! तुया बैलामागं जा!"

"सोडा त्यायले! मरतीन ते!"

सागरने वळून पाहिलं. पायलला वाटलं होतं, त्याच्या चेहऱ्यावर संताप असेल. तिथे काहीच नव्हतं. हातातलं काम उरकायचं आहे, मधे बोलू नको, एवढंच होतं. म्हातारा आता हातही हलवत नव्हता, आणि तरी ती बोटं सैल होत नव्हती. बैल कसा मेला असेल, हे तिला कोणी सांगायची गरज उरली नाही. तिला भीती वाटली आणि ही भीती नवऱ्यासाठी नव्हती, नवऱ्याची होती.

भिंतीला टेकलेली सागरचीच काठी तिने उचलली आणि असेल नसेल ते बळ लावून त्याच्या खांद्यावर घातली. त्याचा हात सुटला. खुशालराव आतल्या बाजूला कोसळले. हात सुटला होता, तरी तिने दुसरा फटका मारला. तो का, हे तिलाही सांगता आलं नसतं.

सागर खांदा धरून बसला होता, नडगी सुजून वर आली होती. तो बायकोकडे अशा नजरेने बघत होता, जणू ही कोण, कुठून आली. खुशालराव भिंतीला टेकून रक्त थुंकत होते. वाटी पायरीवर होती तशीच होती. त्यांनी ती ओढून घेतली, आत पाहिलं आणि पायलकडे सरकवली.

"हळद हाये. हाताले लाव तुया."

तिने मनगटाला लावली. वाटी परत द्यायला गेली तर त्यांनी मान हलवली.

"त्याच्या खांद्याले बी लाव. सूज उतरते."

"मले नाई पाह्यजे ह्याचं," सागर म्हणाला. पण उठायची ताकद त्याच्यात नव्हती. पायल त्याच्या मागे बसली, शर्टाची कॉलर खाली ओढली आणि हळद-लोणी घेऊन काळ्यानिळ्या खांद्यावर चोळू लागली.

खुशालराव तिच्या हाताकडे बघत होते. सवयीने त्यांच्या फुटलेल्या ओठांतून शब्द निघाले.

"आज आवतन घ्या..."

आणि ते थांबले. कोणाला म्हणतो आहोत हे कळून त्यांनी तोंड फिरवलं.

पायल चोळायची थांबली नाही. त्यांच्याकडे बघत तिने उरलेलं म्हटलं.

"उद्या जेवाले या, मामाजी."

"कोनाले बोलावून राहिली तू?" सागर ओरडला. तिने तळहात खांद्यावर दाबला, तसा तो कळवळून गप्प झाला.

खुशालरावांनी काठीच्या आधाराने स्वतःला उभं केलं. दोन पायऱ्या उतरून ते थांबले.

"येईन," ते म्हणाले. "पन दारामागची ते कुऱ्हाड आधी काढ, पोरी. पाखऱ्याचा पाय तोडला त्या रोजी तुया सासऱ्यानं मायासमोर धुतली अन् तिथंच ठेवली."

ते खाली उतरून गेले. पाण्यात काठी टेकल्याचा आवाज येत राहिला.

लाल दांड्याची ती कुऱ्हाड पायलला चांगली ठाऊक होती. चार महिने रोज सकाळी न्हाणीचं पाणी तापवायला ती त्याच कुऱ्हाडीने लाकडं फोडत होती.