मुकादमाचा विनोद
गोदामाच्या फाटकावर रोज सकाळी त्या दिवसापुरती माणसं निवडली जात. खोकणारा नको असे, म्हणून मुकादम रांगेसमोर एक विनोद सांगायचा. हसताना खोकला लपवता येत नाही.

महिनाभरापासून खोकणारा एक हमाल आज ओठ घट्ट मिटून उभा राहिला. आज परत पाठवलं तर पुन्हा कोणी रांगेत घेणार नव्हतं.

"काय रे, आवडला नाही वाटतं?" मुकादमाने विचारलं.

"आवडला, साहेब."

"मग हास की."

हमाल हसला आणि खोकत खोकत खाली बसला.

मागे उभा असलेला त्याचा मेहुणा चटकन पुढे झाला. "दाजींना कधीपासून सांगतोय, जरा आराम करा म्हणून," तो मुकादमाला म्हणाला, आणि कोणी न सांगता त्याने खळखळून हसून दाखवलं.