ओडेसाने उचललेलं छप्पर

ओडेसा पंधरा वर्षांची. अमेरिकेत, मेम्फिसमध्ये आमच्या शेजारी, तिच्या मावशीकडे राहायची. मावशीचं नाव लव्हर्न. लहानपणीच या पोरीने चिखलात रुतलेली मोटार एका हाताने ओढून काढली, आणि तेव्हापासून लव्हर्नने तिला धाकात ठेवलं. "गोऱ्या पोराची ताकद दिसली तर पेपरात फोटो येतो," ती म्हणायची. "आपल्या काळ्या पोरीची दिसली तर दारात पोलीस येतात."

त्या शनिवारी चर्चमागच्या मंडपात मासे तळत होते. कुजलेला खांब मोडला आणि अख्खं छप्पर म्हाताऱ्या ऑगस्टसकाकांवर कोसळलं. सगळ्या बाप्यांनी जोर लावला, पण ते हलेना. खालून काकांचं कण्हणं ऐकू येत होतं.

ओडेसाने मावशीकडे पाहिलं. लव्हर्नने मानेनेच नको म्हटलं. पोर जरा थांबली, मग पुढे झाली आणि छप्पर डोक्यावर उचलून उभी राहिली.

"अरे, बघत काय बसलात? ओढा ना त्यांना!" ती ओरडली.

अग्निशामक दलाची गाडी आली. साहेबाने विचारलं, "हे कुणी उचललं?"

ओडेसाने तोंड उघडलं, तेवढ्यात स्ट्रेचरवरून काकाच म्हणाले, "सगळ्यांनी मिळून, साहेब."

"हो ना," आमचे हे कंबर धरून कळवळले, "माझी तर पाठच गेली!"

संध्याकाळी ओडेसा आणि लव्हर्न आमच्या पायरीवर बसल्या होत्या. ओडेसा मावशीला म्हणाली, "सगळे माझ्यासाठी खोटं बोलले. बरं वाटलं, आणि रागही आला. मी काय चोरी केली होती?"

लव्हर्नने तिला जवळ ओढलं. "नाही गं. भीती माझी होती. ती तुझ्या गळ्यात बांधली मी."

"मग आता?"

"आता तू ठरव."

"आपल्या माणसांपासून नाही लपवणार," ओडेसा सावकाश म्हणाली. "बाहेरच्यांना मला वाटेल तेव्हा सांगेन. कुणी दरडावून विचारलं म्हणून नाही."

पुढच्या आठवड्यात नवा मंडप उभारला. भर दुपारी, सगळ्यांसमोर, ओडेसाने मधली तुळई एकटीने खांद्यावर धरली. पुरुष वर चढून खिळे ठोकत होते. लव्हर्नने आधी रस्त्याकडे पाहिलं. मग मोठ्याने ओरडली, "सरळ धर की गं! डावीकडे कलतेय!"