माझा गुडघा बघायला आलेय

विक्रोळीच्या जुन्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर रत्नप्रभा खरात काठी टेकत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "माझा गुडघा इथंच आलाय ना? बघायला आलेय."

श्रुतिका परब हातातलं काम सोडून दाराशी आली. ती आणि तिचा सहकारी ओजस इथल्या छोट्या प्रयोगशाळेत कूर्चा छापायचे. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. गुडघा बदलताना डॉक्टर ती झिजलेली गादी काढतात. पेशंटने संमती दिली, तर तिचा तुकडा इथे यायचा. त्यातल्या जिवंत पेशी मऊ जेलमध्ये मिसळायच्या आणि ते मिश्रण बारीक सुईतून सोडत थरावर थर रचायचे. अशी गादी माणसाच्या गुडघ्यात बसायला अजून बरीच वर्षं लागणार होती.

रत्नप्रभाबाई घाटकोपरच्या. पस्तीस वर्षं पोस्टात टपालाची वर्गवारी करून निवृत्त झालेल्या. दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं होतं. संमतीपत्रावरचा पत्ता दाखवत त्या रिक्षाने इथवर आल्या होत्या.

"मावशी, आमच्याकडे नावं येत नाहीत, नुसते नंबर येतात," श्रुतिका म्हणाली. "आतापर्यंत सहा तुकडे आलेत, त्यात तुमचा कुठला, ते मलाही माहीत नाही."

"म्हणजे पिनकोड आहे, पण पत्ता नाही."

"तसंच."

"मग सगळेच दाखव."

ओजसने त्यांना खुर्ची दिली. खरं तर त्या दिवशी दाखवण्यासारखं काही असेल, याची दोघांनाही खात्री नव्हती. दोन आठवडे एकच अडचण चालली होती. जेल घट्ट केलं, की सुईतून जाताना पेशी चेंगरून मरायच्या. सैल केलं, की छापलेली जाळी संध्याकाळपर्यंत बसून सपाट व्हायची. काल ओजसने सैल जेलच घेतलं, पण प्रत्येक थर पडताक्षणी त्याच्यावर जांभळा प्रकाश टाकून तो जागच्या जागी घट्ट केला. निकाल आज कळणार होता.

श्रुतिकाने कालची काचेची बशी बाहेर काढली. नखाएवढी जाळी उभी होती. तिने पेशींना रंग देऊन बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ओजस म्हणाला, "मावशी, आधी तुम्हीच बघा."

"अरे, मला बघू दे ना आधी," श्रुतिका म्हणाली, पण तोवर बाईंनी डोळा लावला होता.

"काय दिसतंय?"

"हिरवे ठिपके. गच्च भरलेत. मधेच एखादा लाल."

"लाल किती?"

बाईंनी शांतपणे मोजले. "अकरा. हिरवे नाही मोजता यायचे."

श्रुतिकाने वाकून स्वतः पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. हिरव्या म्हणजे जिवंत, लाल म्हणजे मेलेल्या. इतक्या पेशी जगलेल्या तिने कधीच पाहिल्या नव्हत्या.

"झकास झालंय रे," ती ओजसला म्हणाली.

चहा पिताना बाईंनी विचारलं, "हे इतकं चांगलं आहे, मग तुकडे सहाच कसे?"

"लोक नाही म्हणतात. त्यांना वाटतं, आम्ही काहीतरी विकतो."

"मलाही तेच वाटलं होतं. सही केली, पण मनात खुटखुट होती. म्हणून तर आले." त्यांनी कप खाली ठेवला. "आता गेली."

पुढच्या आठवड्यापासून रत्नप्रभाबाई व्यायामाला हॉस्पिटलमध्ये गेल्या, की बाकावर ऑपरेशनची वाट बघत बसलेल्या बायकांना आपण काय पाहिलं ते सांगू लागल्या. सही कर असं त्यांनी कुणालाच म्हटलं नाही.

महिन्याभराने हॉस्पिटलमध्ये संमतीपत्रं भरून घेणाऱ्या नीलाताईंचा श्रुतिकाला फोन आला. "काय केलंस गं? पेशंट स्वतःहून फॉर्म मागतायत. नऊ झाले. आणि प्रत्येकीचा एकच प्रश्न, बघायला कधी येऊ?"

श्रुतिकाने शनिवारची सकाळ ठरवली. पहिल्याच शनिवारी पाच जणी आल्या, तिघी वॉकर घेऊन, आणि सगळ्यात पुढे रत्नप्रभाबाई. सूक्ष्मदर्शक एकच होता, म्हणून त्यांनी लगेच रांग लावून दिली. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा ओजस खाली वॉचमनकडे मागायला धावला.