चावी खोलीत, प्रणोती बाहेर

बाळांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. आपण लिफ्टमधून बाहेर पडलो. हे दार. आत शिरलं की भिंतीवर एक खाच. त्या खाचेत चावीचं कार्ड सरकवलं की दिवे, पंखा, एसी, सगळं चालू! पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर तपकिरी पट्टा, टेबलावर चहाची किटली. आता सांगा, गाव कोणतं?

नाही ना येत सांगता? प्रणोतीलाही आलं नसतं. नागपूर असो की भोपाळ, अशा स्वस्त हॉटेलांच्या खोल्या जुळ्या बहिणींसारख्या. खिडकीचा पडदा सारला आणि खाली सदर बाजार दिसला, तेव्हा कुठे हे जबलपूर.

प्रणोतीची आई यशोधरा गावोगावच्या नर्सना दवाखान्यातली नवी यंत्रं चालवायला शिकवते. सुट्टीत सहावीतली प्रणोतीही सोबत. मात्र या वेळी आईने अट घातली होती.

"माझा वर्ग खाली हॉलमध्ये आहे. तोवर खोली तू सांभाळायची. जमलं तर उद्या माझ्यासोबत पुढच्या वर्गाला, रीवाला. नाही जमलं तर कामठीला मावशीकडे. शिकवताना माझा अर्धा जीव खोलीत राहिला तर कसं व्हायचं?"

"मले काय नवीन आहे का यात!" प्रणोती म्हणाली.

नवीन नव्हतंच. नेहमीच्या प्रवाशांची एक युक्ती तिला ठाऊक होती. चावी काढली की एसी बंद पडतो, म्हणून खाचेत दुसरंच एखादं कार्ड ठेवायचं आणि चावी खिशात घालायची. तिने शाळेच्या वाचनालयाचं कार्ड काढलं, झटक्यात अदलाबदल केली आणि खाली जाऊन पोहे-जिलबीवर ताव मारला.

परत येऊन कार्ड दाराला लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. पुन्हा लाल. हातात पाहिलं, तर वाचनालयाचं कार्ड! घाईघाईत तिने चावीच परत खाचेत सरकवली होती. दार आपोआप बंद झालेलं, आणि आत खोली मस्त गार होत होती.

खाली काउंटरवर हॉटेलातला आलोक होता; जबलपूरला आल्या की मायलेकी इथेच उतरायच्या. तो तिला नेहमी चिडवायचा.

"क्या हुआ, मॅनेजर साहिबा?"

"भैया, चाबी अंदर रह गई."

आलोक हसला. त्याने सगळी दारं उघडणारी चावी उचलली. "चलो, खोल देता हूँ. मम्मी को पता भी नहीं चलेगा."

प्रणोतीचा जीव भांड्यात पडला. रीवा वाचलं! ती त्याच्या मागोमाग निघाली. पण लिफ्टपाशी तिचे पाय थबकले.

"भैया, आप ऐसे किसी के लिए भी खोल देते हो?"

"किसी के लिए थोड़े ही. तुमको तो पहचानता हूँ."

"पर कमरा तो मम्मी के नाम पर है." ती हॉलकडे वळली. "रुको. पूछकर आती हूँ."

"अरे, डाँट पड़ेगी!"

"पड़ने दो."

हॉलचं दार तिने उघडलं. साऱ्या नर्सच्या माना वळल्या. आईच्या हातात यंत्राची नळी तशीच राहिली.

"आई, चावी खोलीत राहिली. मीच चुकली. आलोकभैया उघडून देऊन राहिले होते, पण मी थांबवलं."

"अरे, इतनी सी बात!" पुढची एक नर्स हसली. आई हसली नाही.

"काहून थांबवलं?"

"तुझा लॅपटॉप आत आहे. नुसत्या ओळखीवर दार उघडलं, तर मग मी सांभाळलं काय?"

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग दारात आलेल्या आलोकला म्हणाली, "खोल दीजिए, भैया." आणि प्रणोतीला, "वर जा, सामान भरून ठेव. सकाळी निघायचं आहे."

कुठे, ते काही सांगितलं नाही. ती यंत्राकडे वळलीसुद्धा.

दार उघडून देताना आलोकने विचारलं, "तो फिर रीवा या कामठी?"

"मम्मी ने बताया नहीं."

आलोक निघून गेला. प्रणोतीने आधी चावी खिशात घातली, वरून थापटून पाहिली. मग कामठीला जावं लागलं तर लागणारी आपली छोटी बॅग पलंगावर रिकामी केली, आईची मोठी बॅग उघडली, आणि आईच्या कपड्यांशेजारी आपल्या कपड्यांच्या घड्या एकेक करून रचायला लागली.