आखाजीचा झोका

तोतारामने फेकलेला तांब्या रुक्माबाईच्या कानाला घासून दारावर आपटला. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. नवऱ्यासमोर ताट सरकवलं आणि म्हणाली, "जेवी ल्या."

तोताराम धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तीन वर्षांपूर्वी यंत्राचा पट्टा तुटून त्याच्या डोक्यात बसला. माणूस वाचला, पण डोकं काही ठिकाणावर आलं नाही. बसल्या बसल्या त्याचं बिनसायचं आणि मग हाती येईल ते रुक्माबाईच्या अंगावर. कधी फुंकणी, कधी वरवंटा. त्याची चौकशी करायला अख्खी गल्ली यायची. जेवतो का, झोपतो का, गोळी घेतो का? रुक्माबाई चहा करून सगळ्यांना सांगायची. तिच्या सुजलेल्या मनगटाकडे बघत लोक म्हणत, "सांभाळ बाई त्याला." जळली मेली ती माया! ती धडधाकट होती ना, तिला कोण विचारणार?

अठ्ठ्याऐंशी सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचा भाऊ भाईदास सोनगीरहून न्यायला आला. माहेरी जाऊन झोक्यावर बसायचा हा सासुरवाशिणीचा हक्काचा सण, तिचा तीन वर्षं बुडाला होता. थोरली जाऊ ताईबाई म्हणाली, "जाय व. दोन दिन मी देखसू त्याले."

रुक्माबाईने लुगडं पिशवीत घातलं. तोतारामने ते पाहिलं मात्र, उठून तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. भाईदासने त्याला ओढून खाली पाडलं आणि कोपऱ्यातली काठी उचलली.

"दे माले," रुक्माबाई म्हणाली.

भाईदासला वाटलं, बहीण आडवी येतेय. पण काठी हातात येताच तिने ती नवऱ्याच्या पाठीत हाणली. मग हाणतच राहिली. तोतारामने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि पोरासारखा रडू लागला. "रुक्मा, माले मारू नको!"

ती थांबली. मारताना आपल्याला बरं वाटलं, हे तिला कळलं आणि ती हबकली. काठी टाकून तिने त्याच्या पाठीला हळद लावली.

"मी नही जास," ती भावाला म्हणाली.

ताईबाईने पिशवी तिच्या काखेत कोंबली. "आज नही गयी ते मारी टाकशी तू याले. जाय!"

सोनगीरला पोचताच मायने विचारलं, "जवाई कसा शेतस?"

"चांगला शेतस," रुक्माबाई म्हणाली.

संध्याकाळी कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरींनी तिला बसवलं. गाणं सुरू झालं. झोका द्यायला भाचीने मागून हात उचलला, तशी रुक्माबाईने अंग चोरून दोन्ही हातांनी डोकं झाकलं. पोरी हसल्या. त्यांना वाटलं, आत्या गंमत करतेय.

मायने पाहिलं होतं. तिने झोका थांबवला, लेकीला ओट्यावर नेलं. जावयाचं पुन्हा विचारलं नाही.

"तू कशी शे व?"

रुक्माबाई मायच्या मांडीवर आडवी झाली. पोरींची गाणी चालूच होती. तिला गाढ झोप लागली, पण डोक्यावरचे हात तसेच होते.