कासिरानची विहीर

"आरं, घाव घालतोस का तिथंच बसून अंडी उबवतोस?" विहिरीच्या काठावर ओणवा होऊन पाक मार्तो ओरडला.

 खाली कासिरान दगडावर उकिडवा बसून तळहातानं चिखल निपटत होता. आधी नाक दिसलं, मग मिटलेले डोळे, मग गळ्यातला हार. उताणी निजलेली बाई होती, अर्धी मातीत रुतलेली.

"बाई हाय हितं," तो वर बघून म्हणाला. "दगडाची. जुन्या देवळातली."

वातुरेजोच्या डोंगरावर हे काही नवं नव्हतं. कुणाच्या चुलीखाली दगडी कमळ होतं, कुणाच्या गोठ्याची पायरी म्हणजे सिंहाचा जबडा. घडीव दगड हवा तेवढा निघायचा, पाणी तेवढं निघत नव्हतं. त्या साली कोरडा वारा सुटला तो थांबायचं नाव घेईना. तळं भेगाळून पडलं. कंदाची पानं हातात धरली की चुरा व्हायची. बायका उजाडायच्या आधी डोंगर उतरून नदीला जायच्या आणि मडकं कमरेला बांधून वर येईस्तोवर ऊन डोक्यावर यायचं. म्हणून गावानं विहीर काढली, आणि खाली कासिरान उतरला, कारण त्याचा बापही विहिरीच खणत मेला होता.

कासिरान दोर धरून वर आला. अंगावर माती वाळून पांढरी पडली होती.

"मी न्हाई फोडायचा," तो म्हणाला. "चार हात सरकून दुसरी काढू."

"दुसरी?" शेजारचा सामिजो कपाळावर हात मारून म्हणाला. "मातीच्या पाट्या ओढून माझ्या हाताची सालटी निघाली, आन ह्याला दुसरी पायजे!"

"त्या बाईवर जीव जडला काय रं तुझा?" आणखी कुणी म्हणालं. सगळे हसले. "घरची पोटुशी हाय म्हून दगडाची बघितलीस व्हय?"

म्हातारा म्बाह वोंगसो, साऱ्या गावाचा आजा, तेवढा हसला नाही. "पोरांनो, तिला निजू द्या," तो म्हणाला. "आपल्या आज्याच्या आज्यांनी पुजलेली आसंल."

"म्बाह, तुमी पुजा तिला, आन तिच्याकडंच प्यायला मागा," मार्तो म्हणाला. तो वाडीचा प्रमुख, म्हणून सगळे त्याला 'पाक', म्हणजे बाबा, म्हणायचे. पोट सुटलेलं, तोंडात कायम लवंगेची विडी. मग तो कासिरानकडं वळला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "हे बघ बाबा. तुझी लासियेम तसल्या आवघडल्या अंगानं डोंगर चढती. परवा पडली नव्हं? खाली दगडाच्या बुडाला ओल हाय, तूच म्हनालास. काय झालंच, तर तू एकला न्हाईस. गाव हाय तुझ्यामागं."

त्यानं घण उचलला, दांड्यावर आपला हात ठेवला आणि बाकीच्यांकडं बघितलं. एकेकानं पुढं येऊन दांड्यावर हात ठेवला. वोंगसो तेवढा उठून घरी गेला.

कासिरान घण घेऊन पुन्हा खाली उतरला. पहिल्या घावाला नुसती ठिणगी उडाली. दुसऱ्याला मान तुटली आणि मुंडकं चिखलात गडगडलं. तो किती तरी वेळ घाव घालत होता. दगड फुटला, आणि बुडातून गार पाणी त्याच्या घोट्यांवर आलं.

वर एकच कालवा झाला. बायका रडल्या, हसल्या, एकमेकींच्या अंगावर गढूळ पाणी उडवत सुटल्या. गावजेवणाला शंकूसारखा भात रचला, वर कोंबडी ठेवली, मशिदीतल्या मोदिननं दुवा म्हटली. पहिली तंगडी मार्तोनं आपल्या हातानं कासिरानला दिली.

दगडाचे तुकडे केळीच्या बेटात टाकले. मुंडकं मात्र तिथं राहिलं नाही. बाईचा चेहरा न फुटता निघाला होता. मार्तो ते पोत्यात घालून घरी घेऊन गेला आणि पुढं महिन्याभरात शहरातून एक मोटार त्याच्या दारात येऊन गेली. कासिराननं ते बघितलं. पण पाणी लागलं होतं, बायकोचा डोंगर सुटला होता. तो गप्प बसला.

मोटारीतून मुंडकं नेणारा तो शहरातला व्यापारी बंदराच्या रस्त्यावर पकडला गेला. त्यानं वातुरेजोचं नाव सांगितलं, मार्तोचं नाही. त्याला पुढंही असले दगड घ्यायला ह्याच डोंगरात यायचं होतं.

जीप आली तेव्हा कासिरान शेळीला पाला घालत होता. पोलिसांबरोबर जुनी देवळं जपणाऱ्या खात्याचा, चष्मा लावलेला एक साहेब होता. त्यानं केळीच्या बेटातले तुकडे बघितले आणि खालीच बसला. कुणी आपलं मेल्यागत तो त्या तुकड्यांवरून हात फिरवत राहिला.

"कुणी केलं हे?" फौजदारानं विचारलं.

मार्तो हात बांधून पुढं आला. "साहेब, आमी अडानी मानसं. विहीर खांदायला ह्यो कासिरान उतरला हुता. खाली काय गावलं, त्यानं काय केलं, आमाला काय दिसनार? वरनं आंधारच दिसतो."

"पाक!" कासिरान म्हणाला. "तुमीच नव्हं का घन दिला?"

"ऐकलंत साहेब? आता माझ्यावर घालाय लागला."

"फोडलीस तू?" फौजदारानं विचारलं.

"व्हय, फोडली. विकली न्हाई. विचारा ह्यांना. समद्यांनी हात लावला घनाला."

फौजदारानं लोकांकडं बघितलं. सामिजो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. कुणी आभाळाकडं बघत होतं, कुणी मुकाट विडी पेटवत होतं. म्बाह वोंगसो खोकत खोकत काहीतरी बोलायला लागला, तर त्याच्या लेकानं त्याचा दंड धरून त्याला घरात नेलं.

"कांग सामिजो," थोरल्या भावाला हाक मारावी तसा कासिरान म्हणाला, "तू तरी बोल."

सामिजो म्हणाला, "मला ठावं न्हाई बाबा."

कासिरानला घेऊन जीप गेली. लासियेम तिच्यामागं पोट धरून वळणापर्यंत पळाली.

दुसऱ्या दिवशी ती मडकं घेऊन विहिरीवर गेली, तर मार्तोची बायको पोहरा धरून उभी.

"चोराच्या घरचं मडकं हितं बुडवायचं न्हाई."

"चोर?" लासियेम म्हणाली. "मुंडकं कुनाच्या घरातनं मोटारीत गेलं गं, बू मार्तो? आन ही विहीर कुनी खांदली?"

"तोंड संभाळ! त्यानं बाईला तोडलं, तिचा शाप पान्यावर हाय. तुजं मडकं बुडलं तर गावावर यील."

"मग तुमी कशापायी पिताय ते शापाचं पानी?"

बू मार्तोनं मडकं हिसकलं आणि कठड्यावर आपटलं. रांगेतल्या बायका खाली बघत आपापला नंबर धरून उभ्या राहिल्या. सामिजोची बायको तेवढी वाकली. खापऱ्या गोळा करायला नव्हे, कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून त्या बाजूला सारायला.

लासियेमच्या नशिबी पुन्हा नदी आली. पोरगी त्या वाटेवरच झाली, भरल्या मडक्याजवळ. खालच्या गावच्या एका अनोळखी बाईनं विळ्यानं नाळ कापली. लासियेमनं अंगावरची ओढणी फाडून पोरीला गुंडाळलं, थोडा वेळ बसली, आणि पोर एका कमरेवर, मडकं दुसऱ्या कमरेवर घेऊन डोंगर चढली. पोरीचं नाव तुमिनी ठेवलं.

कासिरान तुरुंगातून सुटून आला तेव्हा तुमिनी पळायला लागली होती. बापाला बघून ती आईच्या मागं लपली. तो निम्मा झाला होता. रात्रंदिवस खोकायचा. म्बाह वोंगसो मागच्याच साली गेल्याचं लासियेमनं सांगितलं. बाकी गावाबद्दल त्यानं काही विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात विहिरीची एक बाजू ढासळली. पाण्याचा चिखल झाला. दोघं जवान गडी साफ करायला उतरले. एकाला बेशुद्ध वर ओढला, दुसरा दोरावरच थरथरत राहिला. बाई पाय धरती, असं त्यानं सांगितलं. मग कुणी उतरेना. नदीच्या वाटेवर साऱ्या गावाच्या बायका दिसायला लागल्या.

एके सकाळी मार्तो, सामिजो आणि पाच-सहा जण कासिरानच्या अंगणात आले. मार्तोच्या हातात गुळाची ढेप होती.

"झालं गेलं बाबा," मार्तो म्हणाला. "येळ तशी हुती. तुझ्याबिगर कोन उतरनार?"

कासिरान खोकत बसला होता. त्यानं उठायला हात टेकला, तोच लासियेम दारात आली.

"उतरंल त्यो," ती म्हणाली. "पर एकला न्हाई. पाक मार्तो कंदील धरतील."

"मी? खाली?" मार्तो हसला. "माझं पोट तरी मावंल का?"

"मावंल," सामिजो मान खाली घालून म्हणाला. त्याची बायको सकाळीच नदीच्या वाटेवर घसरून गुडघा फोडून आली होती. "उतरा, पाक."

बाकीचेही तेच म्हणायला लागले. गेल्या वेळी गप्प बसलेली तोंडं आता एकदम उघडली.

कासिराननं आधी पाल्याची फांदी दोराला बांधून खालवर हलवली, कोंदलेली हवा ढवळून काढली, कंदील सोडून बघितला. तो विझला नाही. मग दोघं उतरले. मार्तोनं खाली टेकल्याबरोबर दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला. चिखल त्याच्या मांड्यांपर्यंत आला.

"कासिरान," तो हळूच म्हणाला, "मला हितं सोडून जानार न्हाईस नव्हं? मी फौजदाराला... माझी चूक झाली रं. माझ्या नातवंडांची आन."

कासिराननं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं कंदील खुंटीला अडकवला आणि पाटी पुढं सरकवली.

"भर," तो म्हणाला.

दिवस कलेपर्यंत मार्तो हातानं चिखल भरत होता. वर काढला तेव्हा त्यानं वांती केली. पण पाणी आलं होतं. भात रचला गेला, कोंबडी आली, आणि भाताच्या वाफेनं मार्तोला हुशारी आली. विडी ओढत तो पाहुण्यांना सांगत होता, "गडी भ्याले म्हून मग मीच उतरलो." लोकांनी माना डोलावल्या. कोंबडीची पहिली तंगडी त्यालाच गेली. कासिरान कडेला बसून खोकत भात खात होता.

लासियेम जेवायला थांबली नाही. विहिरीवर बायकांची रांग लागली होती. तुमिनीला कडेवर घेऊन ती सरळ पुढं गेली, पोहरा सोडला, वर ओढला. पोरीला कठड्याजवळ उघडी उभी केली आणि तिच्या डोक्यावर भरला पोहरा ओतला. पोरगी किंचाळली, मग हसली. पाणी वाहून मातीत गेलं. लासियेमनं दुसरा ओतला. तिसरा ओतला. पोरीची पाठ चोळली, कान धुतले, पायाची बोटं एकेक करून धुतली.

बू मार्तो रांगेत सर्वांत पुढं होती. तिनं पोहऱ्याकडं हात पुढं केला आणि मागं घेतला.

लासियेमनं तिच्याकडं बघत पोहरा पुन्हा खाली सोडला.