लाटेचं बटण

स्टीलचा डबा काउंटरवर ठेवला तेव्हा हंबीररावाला वाटलं, मी पेढे आणलेत.

"काय सिस्टर, नातीचा नंबर आला का काय?" असं म्हणत त्यानं हसतहसत झाकण काढलं आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

आत माझा दाजी होता. ड्रेसिंगच्या पांढऱ्या कापडावर, पाय वर करून. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी ठिपका. पक्षी विकणारे ह्या जातीला कॉकटेल म्हणतात. आमच्याकडं आल्यापासून ह्याचा सगळा थाट जावयाचा, म्हणून आम्ही दाजी म्हणायचो.

"ह्यो काय परकार, सिस्टर? दुकानात गिऱ्हाईक हाय."

"असू दे की. त्यास्नीबी बघू दे. आठ दिवसांमागं माझ्या पोरानं तुमच्याकडनं हवा साफ करायचं मशीन नेलं. मी संगं होतो. ह्याच काउंटरला टेकून तुम्हाला इच्यारलं, घरात पक्षी हायत, चालंल न्हवं? काय म्हणालासा तुम्ही?"

हंबीरराव पंख्याकडं बघायला लागला.

मी म्हटलं, "मी सांगतो. तुम्ही म्हणालासा, बिनधास्त न्या, दवाखान्यात ह्येच वापरत्यात."

दवाखान्याचं नाव त्यानं मुद्दाम घेतलं होतं. मी आक्काताई, सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होते, त्यातली अकरा ऑपरेशन थिएटरात. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी शाहूपुरीत मला सगळे सिस्टरच म्हणतात. बीपी बघायला, ड्रेसिंग बदलायला लोक दारात उभे राहून "ओ सिस्टर" करतात. ते ऐकून ऐकून दाजीसुद्धा "सिस्टर, सिस्टर" म्हणायला शिकला होता. माझे मालक गेले त्या वर्षी सुनेनं, निशानं, ही जोडी आणली होती. दाजी आणि चंदा. घर खायला उठतं म्हणतात तसं ते उठू नये म्हणून.

मशीन घेतलं ते नातीपायी. अक्षता नऊ वर्षांची, तिला दम्याचा त्रास. कॉकटेलच्या पिसांतून पांढरी पूड झडत असते. सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळी पावडर सांडल्यासारखं दिसतं. माझा मुलगा प्रसेनजीत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर काम करतो, कमी बोलतो आणि बोलला की तोडून बोलतो. तो म्हणाला, "आई, एकतर हवा साफ करायचं मशीन आणू, न्हायतर पक्षी देऊन टाकू. पोरीच्या छातीशी खेळ नको." म्हणून मशीन.

आणि आज सकाळी साडेसहाला दाजी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला. चंदा दांडीवर अंग फुगवून बसलेली, चोच उघडी, प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली. मी पिंजरा उचलून आधी मोकळ्या गॅलरीत नेला आणि मग पोराच्या अंगावर धावून गेले. "मारलास माझ्या दाजीला! तू आणलंस ते मशीन!" पोरगं जेवणाचा डबा तसाच ओट्यावर ठेवून कामाला गेलं. मी रिक्षा केली, एका मांडीवर दाजी आणि पायाशी मशीन घेऊन हंबीररावाच्या दुकानात आले.

"वय झालं असंल वं पक्ष्याचं," हंबीरराव म्हणाला.

"चार वर्षाचा होता. पंधरा-वीस वर्षं जगत्यात ही."

"बरं, असं करू. मी तुम्हाला नवी जोडी आणून देतो. तुमच्या पसंतीची. विषय संपला."

माझं डोकंच फिरलं. "विषय संपला? उद्या तुमची आई गेली आन् मी म्हणलं, थांबा, दुसरी आणून देतो, विषय संपला, तर चालंल?"

फ्रिज बघायला आलेलं जोडपं फ्रिज सोडून माझ्याकडं बघायला लागलं. मागच्या बाजूला दुकानाचा मेकॅनिक बसला होता, आकाराम, केस पिकलेला माणूस. तो उठला, माझं मशीन त्यानं आडवं केलं आणि चार स्क्रू काढून पाठ उघडली.

"सिस्टर, हितं बघा. ही पत्र्याची पट्टी दिसती न्हवं? पुढं लाटेचं चित्र असलेलं बटण हाय, त्ये दाबलं की ह्या पट्टीतनं ओझोन सुटतो. खोलीतला वास मारायसाठी असतंय त्ये. पाखराची छाती लई नाजूक. माणसाला नुसता खोकला येतो, पाखरू जातंय."

"तुम्हाला म्हाईत होतं ह्ये?"

"होतं की."

"आम्ही आलो त्या दिवशी तुम्ही हितंच बसला होतासा. मग बोलला का न्हाईसा?"

"मला कुणी इच्यारलं?"

हे वाक्य मी उलट्या बाजूनं ऐकत आले. चौतीस वर्षं. साहेब, हा डोस पोराच्या वजनाला जास्त होतोय. तुम्हाला कुणी विचारलं, सिस्टर? मॅडम, ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी बदललेलं नाही. तुला कुणी विचारलं? मी वस्तीतून आलेली, सरकारी वसतिगृहात शिकलेली, मला तर कुणी काही विचारायचा प्रश्नच नव्हता. तरी सांगत राहिले. मेमो खाल्ले, बदल्या खाल्ल्या, पण सांगितलं. आणि हा बाप्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसून राहिला.

"इच्यारायची वाट बघत बसलासा व्हय? जीव जाऊस्तोवर?"

आकारामनं मान खाली घातली. तेवढ्यात हंबीररावाला वाचा फुटली. त्यानं खणातून मशीनचं पुस्तक काढलं, बोटानं ओळ दाखवली. बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, खोलीत माणसं किंवा प्राणी असताना हे बटण वापरू नये.

"ह्ये बघा. कंपनीनं सोच्छ लिहिलंय. मशीन नुसतं चालू ठेवलं असतं तर काय झालं नसतं. त्ये बटण कुणी दाबलं, त्ये सांगा."

"पोरानं," मी म्हटलं.

खोटं बोलले. भर दुकानात, मेलेल्या जिवासमोर. प्रसेनजीतनं बजावलं होतं, "आई, पुस्तक वाचल्याबिगर त्या लाटेच्या बटणाला हात लावू नको." पुस्तक मीच वाचणार होते. आयुष्यभर औषधाची बाटली तीनदा वाचल्याशिवाय सुई न भरलेली बाई मी. पण चार दिवसांपूर्वी सहज बटण दाबलं आणि वास आला. थिएटरात सकाळी जंतू मारायचा निळा दिवा बंद करून आत शिरलं की यायचा तोच तिखट, कोरा वास. माझ्या नाकाला तो वास म्हणजे जंतू मेले, आता इथं कुणाला काही होणार नाही. मला इतकं बरं वाटलं की पुस्तक घरी खणातच राहिलं. दाजी बोलायचा थांबला, मला वाटलं पिसं झडायचे दिवस असतील. अक्षताचा खोकला वाढला, म्हणून मी वेग वाढवून मशीन आणखी मोठं केलं. माणसाला नुसता खोकला येतो, असं आकाराम आत्ता म्हणाला तेव्हा अक्षताचा खोकला कशानं वाढला ते मला कळलं. आणि त्यावर झाकण म्हणून मी पोराचं नाव घेतलं.

हंबीरराव जिंकल्यासारखा म्हणाला, "मग पोराला इच्यारा. उघडलेला माल आमी परत घेत न्हाय."

"घेऊ नका." मी प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि दारात बसले. डबा मांडीवर, उघडा. "मी बसतो हितं."

आत येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत होते. "पावणं, हवेचं मशीन घ्यायला आलायसा? घरात पक्षी हायत? दमेकरी हाय कोण? मग ह्ये बघा, आठ दिवसांमागं ह्यांनी मला काय दिलं." एक बाई नाकाला पदर लावून आल्या पावली परत गेली. दोघं थांबून आकारामलाच प्रश्न विचारायला लागले. तासाभरात हंबीररावाचा चेहरा उतरला.

"काय पायजे तुम्हाला, सिस्टर?"

"ह्याच्या बदली पाखराला चालंल असलं मशीन. आन् ह्या वेळी तुम्ही बोलू नका. ह्यो बोलंल."

आकाराम मागं गेला आणि धूळ खात पडलेला एक चौकोनी खोका घेऊन आला. ना दिवे, ना चित्रं, एकच फिरवायचं बटण.

"ह्ये कोण घेत न्हाय, दिसायला भिकार हाय. पण ह्यात नुसता पंखा हाय, एक जाड कागदी फिल्टर आन् वासासाठी कोळशाचा थर. ओझोन न्हाय, आयन न्हाय, निळा दिवा न्हाय, अत्तराची कुपी न्हाय. पाखरासाठी ह्येवढंच बघायचं, सिस्टर. दुसरं काय सुटाय नको त्यातनं." मग तो थांबेना. बहुतेक कित्येक वर्षांत त्याला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. "भायेरची जाळी दर आठवड्याला धुवा, सावलीत कडक वाळवा, ओली बसवू नका. कागदी फिल्टर धुवायचा न्हाय. हितं लोकं त्यो नळाखाली धरत्यात, वाळत घालत्यात आन् परत बसवत्यात, मग फिल्टर मेला तरी कळत न्हाय. पुस्तकात वर्षभर लिहिलंय, तुम्ही सहा म्हयन्यात बदला, पाखराची पूड लई असती. पिंजऱ्यापास्नं लांब ठेवा, वारं अंगावर नको. आन् घरात न चिकटणारा तवा हाय काय? त्यो तापून धुरला तरी पाखरू मरतंय. टाकून द्या."

त्याच्याशी मी नीट बोलू शकले नाही. राग गेला नव्हता. पण निघताना त्यानं डब्याचं झाकण आपल्या हातानं हळूच लावलं.

दाजीला मी गॅलरीखालच्या पेरूच्या बुंध्याशी पुरलं. दुपारी ते चौकोनी मशीन लावलं, तवा भंगारात घातला. चंदाला चारपर्यंत गॅलरीतच ठेवलं. घड्याळ धरून तिचा श्वास मोजला, तासातासाला वहीत लिहिला. पाचच्या सुमाराला तिची चोच मिटली आणि तिनं चार दाणे टिपले.

प्रसेनजीत सातला आला. बॅग खांद्यावरच, बूटसुद्धा काढले नाहीत. नव्या मशीनकडं बघितलं, पिंजऱ्यात एकटी चंदा बघितली.

"आई, माझंच चुकलं. मीच नीट बघून आणाय पायजे होतं. दिवसभर कामात ध्यान लागंना, लेथवर दोन जॉब खराब केलं." तो पिंजऱ्याजवळ गेला. "चंदा ऱ्हाऊ दे. पक्षी बाहीर काढा असं मी परत म्हणणार न्हाय."

निशा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, अक्षता तिच्या आडोशाला. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं. चंदा वाचत होती, घरात राहणार होती. फक्त गप्प बसायचं होतं. मला कोण विचारणार होतं?

"बटण मी दाबलं," मी म्हटलं.

"काय?"

"लाटेचं बटण. चार दिवसांमागं. तू नको म्हणला होतास. मी दाबलं, मला वास आवडला म्हणून. अक्षताचा खोकला वाढला तसं आणखी मोठं केलं. दुकानात कुणी दाबलं इच्यारलं तर तुझं नाव सांगितलं. त्येबी खोटं."

प्रसेनजीतनं बॅग जमिनीवर आपटली. तो एवढा ओरडलेला मी कधी ऐकला नव्हता. "अगं पोरगी त्याच खोलीत निजती! चार दिवस खोकून खोकून तिचा जीव निघालाय, आन् तू मशीन मोठं करत बसलीस? सकाळी मला खुनी म्हणलीस! तू सिस्टर हायस का कोण हायस?"

अक्षता रडायला लागली. "चंदाला नका देऊ, पप्पा," एवढंच ती म्हणत होती.

प्रसेनजीतनं बॅग उचलून खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "चंदा ऱ्हाईल. आजपास्नं त्या मशीनला आन् पिंजऱ्याला तू हात लावायचा न्हाय. मी बघणार."

ओठावर आलं होतं, अरे, तुझ्या जन्माआधीपासून मी लोकांचे श्वास मोजतेय. गिळलं.

"वही घे," मी म्हटलं. "चार्ज देतो."

ड्युटी संपली की पुढच्या माणसाला वॉर्ड सांगून जायचा असतो. चार्ज बसून देत नाहीत. मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि सांगत गेले. जाळी दर रविवारी धुवायची, सावलीत वाळवायची. कागदी फिल्टर आज बसवलाय, तारीख पट्टीवर लिहून चिकटवली आहे, सहा महिन्यांनी बदलायचा, धुवायचा नाही. पिंजरा आणि मशीनमध्ये अंतर ठेवायचं. घरात उदबत्ती नाही, स्प्रे नाही, डासाची वडी नाही. शेपटी वरखाली झाली की आधी मोकळ्या हवेत न्यायचं. प्रसेनजीत मान वर न करता लिहीत होता.

"आता पेशंट," मी म्हटलं. "दोन होते. मादी, चार वर्षं, श्वास अजून जरा जोरात, दाणा खाल्ला, पाणी प्याली. नर, चार वर्षं. सकाळी साडेसहाला गेला. माझ्या ड्युटीत."

त्याचं पेन थांबलं.

"लिही."

"ऱ्हाऊ दे, आई."

"लिही म्हणतो न्हवं!"

त्यानं पेन वहीवर ठेवलं. मी ते उचलून त्याच्या हातात दिलं, आणि तो लिहीपर्यंत तिथंच उभी राहिले.